स्पोर्ट्स कार येतेय? आधी प्रश्न नीट लिहून काढा

येणाऱ्या गाडीबद्दल पोरं तीनच गोष्टी विचारतात: किती बीएचपी, शंभरला किती सेकंद, टॉप स्पीड किती. हे तिन्ही आकडे कंपनी स्वतःहून सांगणारच आहे, तेही गाडीच्या फोटोवर मोठ्या अक्षरांत. मग विचारायचं कशाला? जे कंपनी आपणहून सांगणार नाही आणि ज्यावर गाडी घ्यायची की नाही हे ठरतं, ते विचारा.

माझी नोकरी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत इंजेक्टरच्या (इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारा भाग) टेस्ट बेंचवर गेली. रीडिंगशेजारी दाब, तापमान आणि कुठलं तेल वापरलं हे लिहिलेलं नसेल, तर सुपरवायझर ते रीडिंग सरळ खोडायचा. ती सवय काही गेली नाही. आता भाचा आणि त्याचे मित्र रविवारी मिसळ हाणून घरी येतात, मोबाईलवर कुठल्यातरी गाडीचा टीझर असतो, आणि "काका, हे बघा" सुरू होतं. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय.

आकड्याशेजारी काय लिहिलंय ते आधी वाचा

सध्या पोरांच्या डोक्यात टोयोटाची जीआर जीटी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये दाखवली, विक्री २०२७ च्या सुमारास. चार लिटरचं ट्विन टर्बो व्ही-८ इंजिन आणि जोडीला हायब्रिड मोटर. आकडे असे: ताकद ६५० पीएस "किंवा जास्त", टॉर्क (म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ८५० न्यूटन मीटर "किंवा जास्त", वजन १,७५० किलो "किंवा कमी". आणि हे सगळे प्रोटोटाइपचे, विकसित करतानाचं उद्दिष्ट म्हणून दिलेले. म्हणजे हे मोजमाप नाही, कंपनीने स्वतःला घालून घेतलेली अट आहे. ती पाळली जाईलही, पण आज या आकड्यावर दुसऱ्या गाडीशी भांडायला बसू नका. भाचा बसतो.

मग एकक बघा. पीएस आणि बीएचपी दोन्ही ताकदीची एककं, पण एक नाहीत. २६५ पीएस म्हणजे साधारण २६१ बीएचपी, म्हणजेच १९५ किलोवॅट. फरक किरकोळ आहे, पण तुलना करताना दोन्ही गाड्या किलोवॅटमध्ये आणा, वाद मिटतो.

वजनात घोळ जास्त. युरोपच्या पद्धतीत रिकाम्या गाडीच्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर धरतात, जर्मन डीआयएन पद्धतीत धरत नाहीत. दोन माहितीपत्रकांत ७५ किलोचा फरक दिसला की एक गाडी हलकी आहे असं ठरवून मोकळे होऊ नका, आधी पद्धत विचारा.

शून्य ते शंभरचंही तेच. अमेरिकेत शून्य ते ६० मैल मोजतात, म्हणजे ताशी ९६.६ किलोमीटर. त्यातही बरीच मासिकं गाडी पहिला फूटभर सरकल्यानंतर घड्याळ चालू करतात. तिथे दोनतीन दशांश सेकंद वाचतात. त्यामुळे परदेशातला आकडा आणि इथला आकडा शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

एमजीची सायबरस्टर घ्या. इलेक्ट्रिक, ५१० पीएस, ७२५ न्यूटन मीटर, शंभरला ३.२ सेकंद, २०२५ मध्ये आली तेव्हा ७४.९९ लाखांना. वजन दोन टनांच्या घरात. चारही चाकांना जोर मिळतो आणि टॉर्क पहिल्या क्षणापासून हजर, म्हणून सरळ रस्त्यावर ती भल्याभल्यांना मागे टाकते. पण सापुताऱ्याच्या वळणावर ब्रेक दाबाल तेव्हा थांबवायचे दोन टनच. म्हणून प्रवेगाच्या आकड्यासोबत नेहमी विचारायचं: शंभरवरून शून्यावर यायला किती मीटर लागतात? हा आकडा पोस्टरवर मी तरी कधी पाहिला नाही.

टॉर्क किती यापेक्षा कुठे

यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, माझा विषय आहे.

२०१२ च्या टोयोटा जीटी८६ मध्ये दोन लिटरचं इंजिन होतं, २०० पीएस. टॉर्क २०५ न्यूटन मीटर, पण तो मिळायचा ६,४०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेत असताना. मध्ये चार हजारांच्या आसपास टॉर्कच्या आलेखात खड्डा होता, आणि जगभरचे शौकीन त्याच्यावरून ओरडत होते. "टर्बो लावा" अशी मागणी सतत असायची. पुढच्या जीआर८६ मध्ये कंपनीने टर्बो लावला नाही, इंजिनच २.४ लिटरचं केलं. आकडे झाले २३५ पीएस आणि २५० न्यूटन मीटर, आणि हा टॉर्क ३,७०० आरपीएमलाच. पीएस ३५ वाढले म्हणून बातम्या झाल्या, पण खरा बदल त्या ३,७०० मध्ये होता. जुन्या महामार्गाने कसाऱ्याहून वर येताना ट्रकमागे अडकता, मोकळी जागा मिळते तेव्हा सुई तीन-साडेतीन हजारांवर असते. सहा हजारांवर नसते.

म्हणून प्रश्न असा: "कमाल टॉर्क कुठल्या आरपीएमपासून कुठल्या आरपीएमपर्यंत मिळतो?" आलेख मिळाला तर उत्तमच.

आता नाशिकचं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे. हवा इथे मुंबईपेक्षा सहाएक टक्के विरळ. टर्बो नसलेलं इंजिन तेवढी ताकद इथे गमावतं, आणि मे महिन्यातल्या दुपारी आणखी थोडी. २३५ पीएसचे २२० च्या आसपास उरले असं धरा. टर्बो इंजिन ही तूट बऱ्यापैकी भरून काढतं, कारण ते हवा दाबूनच आत घेतं. पण दाबली की हवा तापते, म्हणून टर्बो गाडीबद्दल ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचं विचारा: हवेवर थंड होतो की पाण्यावर, आणि एकामागून एक जोर काढल्यावर कामगिरी उतरते का?

पेट्रोलचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. भारतीय मानकानुसार त्याचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेता दाब सोसायची क्षमता, किमान ९५. ऑक्टेनच्या बाजूने ही बातमी चांगली. मात्र इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे त्याच कामाला इंजेक्टरला जास्त इंधन सोडावं लागतं. युरोपात सर्वसाधारण पेट्रोल ई१० पर्यंतचं. तिथून तयार होऊन येणाऱ्या गाडीबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारा. पहिला: ई२० ला परवानगी आहे का, आणि ते मालकाच्या पुस्तिकेत छापलंय का? दुसरा: जाहीर केलेली ताकद कुठल्या ऑक्टेनवर मोजलीय? ती ९८ वर मोजली असेल आणि तुम्ही ९५ भरलंत, तर इंजिनातली ठकठक ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडायला लावतो. गाडी बिघडत नाही, पण विकत घेतलेले पाच-दहा घोडे टाकीतच राहतात. इंडियन ऑइलचं शंभर ऑक्टेनचं एक्सपी १०० मिळतं, पण ते सगळ्या पंपांवर नसतं. रोजच्या हिशोबात धरू नका. परदेशातले टेस्ट ड्राइव्हचे व्हिडिओ बघताना टाकीच्या झाकणामागचा स्टिकर दिसला तर तिथे थांबवा. अर्धं उत्तर तिथेच असतं.

आणि एक माझ्या बेंचवरचा प्रश्न. इंजेक्शन फक्त डायरेक्ट आहे की पोर्टमध्येही (सिलिंडरआधीच्या हवेच्या वाटेत)? नुसत्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडत नाही. व्हॉल्व्ह धुतला जात नाही आणि त्यावर कार्बन बसत राहतो. जीआर८६ मध्ये दोन्ही प्रकारचे इंजेक्टर आहेत. शोरूममध्ये हा प्रश्न विचारलात तर समोरचा बहुधा आत जाऊन कुणाला तरी फोन करेल. करू द्या.

गिअरचा विषय

"मॅन्युअल येणार का?" हा प्रश्न भाबडा वाटतो, पण विचारत राहा. टोयोटाची सुप्रा २०१९ मध्ये फक्त ऑटोमॅटिकमध्ये आली. शौकिनांनी पिच्छा सोडला नाही आणि २०२२ मध्ये मॅन्युअल जाहीर झाली. उलट होंडाची नवी प्रेल्यूड २०२५ मध्ये आली ती हायब्रिड होऊन, मॅन्युअल नाहीच. एस प्लस शिफ्ट नावाची सोय गिअर बदलल्याचा भास देते, आवाज आणि झटक्यासकट. भास नको, खराच गिअर हवा असा माझा कल आहे. पण पोरांपैकी निम्म्यांना ते चालतं, असो.

ऑटोमॅटिक असेल तर कुठलं, हे नेमकं काढून घ्या. ड्युअल क्लच (दोन क्लच आलटून पालटून वापरणारा गिअरबॉक्स) असेल तर क्लच ओला की कोरडा? ओला तेलात बुडालेला असतो, उष्णता तेल घेऊन जातं. कोरडा हलका आणि इंधन वाचवणारा, पण द्वारका चौकात संध्याकाळी सहाला पहिल्या-दुसऱ्यात फरपटताना तोच तापतो. गोल्फ जीटीआय आणि ऑक्टेव्हिया आरएस या दोन्हींत सात गिअरचा, ओल्या क्लचचा डीएसजी आहे, डीएसजी म्हणजे फोक्सवॅगन गटाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स.

पुढच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारं) आहे का, हेही विचारा. "इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आहे" असं उत्तर आलं तर पुढे विचारा: क्लचच्या प्लेट असलेलं खरं डिफरन्शियल, की फक्त ब्रेक दाबून केलेली नक्कल? दोन्हीला तेच नाव देतात.

टायर, पोट आणि रुंदी

टायरचा आकार मिळाला की बरंच कळतं. २२५/४० आर१९ म्हणजे रुंदी २२५ मिमी, आणि रबराची उभी भिंत त्याच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिमी. २२५/४५ आर१८ मध्ये तीच भिंत १०१ मिमी. ह्या ११ मिमीत पावसाळ्यातल्या खड्ड्यात अलॉय वाचतो की नाही ते ठरतं. दोन पर्याय असतील तर मी लहान रिम घेईन. फोटोत कमी रुबाबदार दिसेल, दिसू दे.

ग्राउंड क्लिअरन्स "चांगला आहे का" असं विचारलंत तर उत्तर "चांगला आहे सर" असंच येणार. "चार माणसं आणि डिकीत सामान असताना किती मिमी?" असं विचारा. लांब बॉनेटच्या गाडीत पोटाआधी पुढचा ओठ घासतो, तेव्हा पुढच्या चाकापुढे किती लांबी आहे तेही विचारा. नाक उचलायची सोय असेल तर ती किती वेगापर्यंत उचललेली राहते?

स्टेपनी बहुतेक वेळा नसतेच, पंक्चर किट देतात. साइडवॉल फाटली तर किट काही कामाचं नाही. समृद्धीवर इगतपुरीच्या पुढे रात्री असं झालं तर कंपनीची गाडी किती वेळात येते, हे लेखी घ्या.

आणि रुंदी. जीआर जीटी दोन मीटर रुंद, १,१९५ मिमी उंच. ती रविवार कारंजावरून नेण्याची कल्पना करत पोरांनी अख्खी सकाळ घालवली.

स्पाय फोटोत काय बघायचं

काळ्या-पांढऱ्या नक्षीत बॉडीच्या रेषा लपतात, त्यात डोळे फोडू नका. चाकांकडे बघा, ती सहसा झाकत नाहीत. फोटो मोठा केला तर टायरवरचा आकार वाचता येतो. ब्रेकची चकती रिमच्या मानाने किती मोठी, कॅलिपर किती जाड, हे दिसतं. समोरच्या जाळीमागे किती रेडिएटर आहेत तेही बघा. सायलेन्सरच्या टोकांवर विश्वास ठेवू नका, चार टोकांतली दोन नुसती शोभेची असू शकतात.

भारतात येणार म्हणजे नक्की कशी

इथे सुटे भाग जोडून बनणार की आख्खी बनलेली आयात होणार, हा पहिला प्रश्न. २०१८ च्या नियमानुसार कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथली पूर्ण चाचणी-मान्यता नव्याने न घेता आणता येतात. मोजक्या संख्येने येणाऱ्या गाड्या बहुधा याच वाटेने येतात. ऑक्टेव्हिया आरएस २०२५ मध्ये शंभरच आल्या, २६५ पीएसची, ४९.९९ लाखांची, आणि किंमत जाहीर व्हायच्या आधीच सगळ्या बुक झाल्या. गोल्फ जीटीआयच्या पहिल्या दीडशेचंही तेच झालं. तेव्हा किंमत न कळता पैसे भरायची वेळ येणार हे धरून चाला, आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळतात हे पैसे भरण्याआधी विचारा.

किंमत एक्स-शोरूमच सांगतात. पेठ रोडच्या आरटीओत गाडीची नोंद "आयात" म्हणून होणार का, हे डीलरकडून काढून घ्या. महाराष्ट्रात आयात गाडीला कर २० टक्के, तर इथे बनलेल्या २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. पन्नास लाखांवर हा फरक साडेतीन लाखांचा. एमएच १५ ची, म्हणजे नाशिकची, पाटी तेवढ्याने महाग होते.

सर्व्हिस नाशिकमध्ये होणार की गाडी मुंबई-पुण्याला न्यायची? पुढचे ब्रेक पॅड, एक हेडलाइट आणि समोरची काच, या तीन भागांची किंमत आणि यायला लागणारे दिवस, एवढंच विचारा. काचेत कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन कुठे होतं हेसुद्धा.

हे सगळं फोनवर विचारू नका, ईमेलवर विचारा. एका ईमेलात चार-पाचच प्रश्न, प्रत्येकाला क्रमांक, आणि उत्तर कुठल्या एककात हवं ते प्रश्नातच लिहा. पहिल्या खेपेला माहितीपत्रकाची पीडीएफ येईल. त्याच ईमेलला उत्तर देऊन लिहा: "प्रश्न २ आणि ४ चं उत्तर यात नाही." सेल्सवाला पोरगा तुमच्या भाच्याच्याच वयाचा असतो, त्याच्यावर चिडू नका. त्याला ते प्रश्न जसेच्या तसे वर पाठवायला सांगा, आणि वरून आलेलं उत्तर तुम्हाला फॉरवर्ड करायला.