ॲलर्जीची माहिती कोणाला द्यायची आणि कशी

माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दर वर्षी शाळा सुरू होताना मी अर्ध्या तासाची बैठक मागून घेते आणि त्या बैठकीला बसमधल्या ताई, डबे खाताना वर्गावर थांबणाऱ्या मावशी आणि बदली शिक्षक यांना बोलवायचा आग्रह धरते. मुख्याध्यापक आले तर उत्तम, पण प्रसंग ओढवला तर समोर असतात ती ही माणसं. ॲलर्जीचं पोस्टर त्यांच्यापैकी कोणी वाचत नाही.

कागद एकच द्या, डॉक्टरांच्या सहीचा: मुलाचा फोटो, कशाची ॲलर्जी, लक्षणं, औषध कुठे आहे, फोन कोणाला करायचा.

लक्षणं मुलांच्या भाषेत सांगा. लहान मूल 'श्वास लागतोय' म्हणत नाही. 'जिभेला टोचतंय', 'घशात काहीतरी अडकलंय' म्हणतं, नाहीतर नुसतंच जीभ खरवडत बसतं. आवाज घोगरा होणं, खोकला, ओठ सुजणं, उलट्या, एकदम मलूल पडणं, सगळं सांगा. अंगावर पित्त उठलं नाही म्हणजे धोका नाही, हा समज तिथल्या तिथे खोडा.

मग तालीम. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे ॲलर्जीचा जोराचा झटका आला की लगेच टोचायचं तयार इंजेक्शन, दिलं असेल तर त्याचं बिनसुईचं सरावाचं पेन प्रत्येकाच्या हातात द्या. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, वेळ पडल्यास कपड्यावरूनच. मुलाला आडवं करायचं, दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण चालवायचं मुळीच नाही. लगेच ॲम्ब्युलन्स. 5 मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी हॉस्पिटल गाठायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. 'आधी ॲलर्जीची गोळी देऊन बघू' असं कोणीतरी म्हणतंच. गोळीने खाज कमी होते, बंद होत चाललेला श्वास मोकळा होत नाही. पेन कुलपात नको, फ्रीजमध्येही नको.

सॅनिटायझरने हातावरचा शेंगदाण्याचा अंश जात नाही. साबण आणि पाणीच लागतं.

शेजारी आणि इतर पालकांना बंदीची लांबलचक यादी पाठवली की कपाळाला आठ्या पडतात. मी एवढंच मागते: खाऊचं वेष्टन फेकू नका, मला वाचायचं असतं. वर्गातल्या मुलांना मात्र स्पष्ट सांगा, शेंगदाणा नाकासमोर नाचवून चिडवणं ही मस्करी नव्हे. आणि माझ्या मुलाला वेगळ्या टेबलावर एकट्याला बसवू नका. डब्यात शेंगदाणे नसलेले दोघे-तिघे मित्र शेजारी बसले की काम भागतं.