घरातली हवा सुधारायची तर आधी धूर कुठून येतो ते शोधा

मागच्या दिवाळीला मायच्या घरी स्वयंपाकघर पुसायला घेतलं. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात जे जाळं होतं ते ओल्या फडक्याने ओढलं तर काळं, चिकट, दोरीसारखं लांबत आलं, आणि हेच आपण श्वासातून आत घेतो हे तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं. पारोळ्याकडचं आमचं घर, गॅस आहे पण भाकरी अन् आंघोळीचं पाणी अजून चुलीवर, कारण कापूस निघाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, फुकटच्या पडलेल्या असतात. माय म्हणे, "काही नई व्हस, धूरच शे तो."

तर पहिलं काम मशीन आणायचं नाही, धूर शोधायचं. रात्री लाईट बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरा. मसाला भाजल्यावर एकदा, कॉइल लावल्यावर एकदा, झाडू मारल्यावर एकदा. उजेडाच्या पट्ट्यात जे तरंगतंय ते दिसेल. खरं म्हणजे त्रास देणारे कण त्याहून बारीक, 2.5 मायक्रॉनच्या आतले, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट लहान, ते थेट फुफ्फुसात खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम ठेवली, आपल्या देशात ती 60 आहे.

आपल्याकडे सगळ्यात जास्त कण होतात ते स्वयंपाकात. शेवभाजीचा काळा मसाला करायचा म्हणजे कांदा, खोबरं काळं होईस्तोवर भाजायचं, वरून तिखटाची फोडणी, मग अख्खं घर ठसकतं. एक्झॉस्ट फॅन फोडणीच्या पाच मिनिटं आधी लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, बहुतेक जण भाजी उतरली की लगेच बंद करतात. आणि फॅन बाहेर हवा ओढेल तर आत कुठून तरी यायला पाहिजे ना, म्हणून समोरचं दार थोडं उघडं ठेवा, पण फॅनच्या अगदी बाजूची खिडकी नको, नाहीतर तो तिथलीच हवा ओढून तिथेच फेकतो. फॅन काम करतोय का बघायला पेपरचा नोटेएवढा तुकडा जाळीला लावा, चिकटून राहिला तर ठीक, खाली पडला तर पाती उतरवून गरम पाणी अन् सोड्याने तेलाचा थर काढा. वर्षाचा मसाला, मिरच्या, भरताची वांगी हे मात्र बाहेरच भाजा, अंगणात नाहीतर गच्चीवर.

चूल बंद करा असं मी सांगत नाही, सांगून कोणी ऐकतही नाही. पण ती घरातून ओसरीच्या बाहेर काढा, दोन बाजू मोकळ्या राहतील अशी. पऱ्हाट्या पूर्ण वाळलेल्याच घ्या, ओल्या फार धुरतात. आणि पेटवायला पन्नी टाकायची सवय कृपा करून सोडा, प्लास्टिकचा धूर विषारी असतो. लहान पोराला कडेवर घेऊन भाकरी थापू नका.

मग कॉइल. 2003 च्या एका अभ्यासात एक कॉइल जळाली की 75 ते 137 सिगारेटींएवढे बारीक कण निघतात असं दिसलं होतं, आणि आपण ती दारं-खिडक्या लावून बाळाच्या पलंगाखाली ठेवतो! मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी बसवा, पंखा चालू ठेवा. धूप-अगरबत्तीही पेटवायची तर खिडकी उघडून.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास गेला की कूलरशिवाय जमत नाही. कूलर खिडकीतच पाहिजे, बाहेरची हवा ओढेल असा, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. बंद खोलीत तो तीच दमट हवा फिरवतो, चिकचिक होते, बुरशीचा वास येतो. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून कडा घासा, डेंगूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बोअरच्या पाण्याने पॅडवर पांढरा क्षार बसतो, पॅड कडक झालं, वास आला की बदलून टाका. वावधन, म्हणजे धुळीचं वादळ, सुटलं की खिडक्या लावा, नंतर झाडू मारायच्या आधी ओलं फडकं फिरवा, कोरड्या झाडूने बसलेली धूळ परत हवेत उडते.

खिडक्या उघडायची वेळ ऋतूप्रमाणे बदला. उन्हाळ्यात पहाटे, हिवाळ्यात उलट दुपारी, कारण थंडीत सकाळी गल्लीतल्या शेकोट्यांचा अन् कचऱ्याचा धूर खालीच साचून राहतो.

थंडीतलीच एक गोष्ट जीवावरची आहे. घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत झोपू नका. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून लोकांना भरवसा वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. बिनव्हेंटिलेशनच्या बाथरूममधल्या गॅस गीझरचंही तेच. डोकं जड, मळमळ, चक्कर वाटली की आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखाना गाठा.

प्युरिफायर घ्यायचाच असेल तर हेपा फिल्टरवालाच (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) घ्या, खोलीच्या मापाचा, पण तो कण पकडतो, कार्बन मोनॉक्साईड नाही. कुंड्या ठेवून हवा साफ होईल ही आशा सोडा, तेवढा फरक पडायला घराचं जंगल करावं लागेल.

आणि घरात कोणाला महिनोन्महिने खोकला असेल, जिना चढताना दम लागत असेल तर छातीच्या डॉक्टरला दाखवा, स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी, करायची का ते विचारा. मायला एका दवाखान्यात दोनदा विचारलं, विडी ओढता का, तंबाखू खाता का. ती नाही म्हणाली अन् खोकल्याचं औषध घेऊन घरी आली. चुलीचं कोणी विचारलंच नाही, आणि चाळीस वर्षं ती रोज दोन वेळा चुलीपुढे बसली होती. विचारलं नाही तरी तुम्ही स्वतःहून सांगा, किती वर्षं अन् दिवसाचे किती तास.