अखंड सप्ताहाचे पहारे लावताना

अखंड सप्ताह म्हणजे देवळात सात दिवस नामाचा गजर आणि समई खंडू द्यायची नाही. सात दिवसांचे तास होतात १६८. तीन तासांचा प्रहर धरला की ५६ पहारे. दर पहाऱ्याला सहा माणसे लागतात: वीणेला दोन (दीड-दीड तास), टाळाला दोन, मृदंगावर एक आणि समईजवळ एक. एकूण ३३६ पाळ्या. साठ घरांच्या वाडीत घरटी सहा पाळ्या धरा, थोड्या उरतात त्या आजारपणाला कामी येतात.

यादी बुवांपासून, म्हणजे भजन गाणाऱ्यांपासून, सुरू करू नका. संध्याकाळी गाणारे आपसूक जमतात. आधी रात्री १२ ते ३ आणि ३ ते ६ भरा, मग दुपारचा १२ ते ३, कारण जेवणावर पेंग येते आणि देऊळ रिकामे होते. उरलेले आपोआप भरतात.

नाम बहुधा पाळी बदलतानाच तुटते. पुढचा माणूस झोपलेला असतो, नाहीतर दोघे एकमेकांच्या पाया पडायला एकदम वाकतात आणि तेवढ्यात टाळही थांबतो. म्हणून वीणा प्रहराच्या ठोक्यावर बदला, टाळकरी मात्र पाव तासाने, तेही एकेक करून. नवा वीणेकरी समोर उभा राहून आधी नाम उचलतो, मग जुना गळ्यातला पट्टा काढून त्याच्या गळ्यात घालतो. नमस्कार त्यानंतर. वीणा जमिनीला टेकवायची नाही.

पहिला वीणेकरी दीड तासाने मोकळा होतो. चहा घेऊन पुढच्यांना उठवायला जायचे काम त्याचे, पाळीच्या अर्धा तास आधी. फोनवर ‘होय होय’ म्हणून परत आडवे होणारे पुष्कळ. दारात उभे राहायचे, माणूस चूळ भरेपर्यंत हलायचे नाही. व्हाळापलीकडची (ओढ्यापलीकडची) घरे असतील तर त्या माणसांना रात्री देवळाच्या पडवीतच झोपवा. श्रावणातल्या पावसात साकव (लहान पूल) पाण्याखाली जातो. दोन बॅटऱ्या खांबाला टांगून ठेवा, त्या कुणी घरी नेऊ नयेत.

समया दोन लावा, एक सोबतीला. काजळी धरलेली वात नीट करायची तर आधी नवी वात जुनीवर पेटवून घ्या, मगच जुनीला हात लावा. तेल किती जळते हे आदल्या रात्री समई पेटवून तासातासाला पाहा आणि तेवढ्यावर हिशेब करा, अंदाज चुकतो. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे माघातल्या पहाटे तिळाचे बरे. वाती वळण्याचे काम ज्यांना उभे राहवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे द्या, आणि ते मे महिन्यातच उरकून घ्या. आषाढात कापूस दमट होतो, वात चरचरते आणि विझते. उन्हात तापवलेल्या वाती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मृदंगाकडे एक पोरगा जोडून द्या. डाव्या तोंडाला लावलेली कणीक सुकली की घुमारा जातो, आवाज चढतो. पाण्याचा हात फिरवा किंवा ताजी लावा, वाटीभर मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली असू द्या. उजवी पुडी, म्हणजे उजव्या तोंडाचे चामडे, दमट हवेत उतरते, तेव्हा वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून ती चढवावी लागते, म्हणून हातोडी जवळ हवी. दुसरा मृदंग सुरात आणून ठेवला असेल तर ही ठोकाठोक नामाच्या मध्ये येत नाही. सप्ताह उठला की कणीक खरवडून काढा, नाहीतर उंदीर पुडीच कुरतडतात.

गोव्यातल्या वास्कोचा दामोदराचा सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बसतो. नाव सप्ताह, पण अखंड भजन चोवीस तासांचे. लहान वाडीला हेही चालते: आठ पहारे, ४८ पाळ्या. माणसे नसताना सात दिवसांचा हट्ट धरला की चौथ्या रात्रीपासून तीच चार माणसे डोळे चोळत उभी दिसतात.

चाकरमान्यांची नावे पहिल्या दोन दिवसांत घालू नका, पावसात गाडी कधी पोचेल याचा नेम नसतो. यादी खांबाला लावताना वेळा शाईने लिहा, नावे पेन्सिलीने.