कॅम्पर व्हॅनचं टॉयलेट: नव्याने आलेल्यांनी आधी हे वाचा

नव्या देशात जरा बस्तान बसलं, हातात लायसन्स आलं, की कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन फिरायचं ठरतंच. आपली मंडळी रस्ते, मुक्काम, जेवणखाण यांची तयारी कितीतरी आधीपासून करतात. टॉयलेटचा विषय निघाला की मात्र 'ते आपण वापरायचंच नाही' म्हणून मोकळी होतात. पहिल्याच रात्री पाऊस लागतो, मूल जागं होतं, कॅम्पसाइटचं स्वच्छतागृह लांब असतं आणि तो ठराव मोडतो. म्हणून व्हॅन ताब्यात घेतानाच टाकी बाहेर काढून, झडप उघडझाप करून दाखवायला सांगा. संकोच करू नका. इकडे असल्या प्रश्नांचं कुणालाच काही वाटत नाही. मला तर ही गोष्ट फार आवडते.

बहुतेक व्हॅनमध्ये कॅसेट टॉयलेट असतं. भांड्याखाली साधारण 17 ते 20 लिटरची टाकी असते आणि मध्ये सरकती झडप. टाकी गाडीच्या बाहेरच्या बाजूच्या छोट्या दारातून निघते. भांड्यात आधी थोडं पाणी घ्या, झडप उघडा, झाल्यावर फ्लश करा आणि झडप बंद करा. पाण्याने धुणार असाल तर छोटी स्प्रेची बाटली ठेवा. मगाने पाणी घेतलं तर टाकी बघता बघता भरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: टाकी पूर्ण भरू देऊ नका. टाकी भरल्याचं दाखवणाऱ्या लाल दिव्याची वाट बघू नका. चौघांचं कुटुंब असेल तर दोन दिवसांतही ती भरते. ओळखीच्या एका कुटुंबाने दिवा लागल्यावरही 'अजून एक रात्र निघेल' म्हणून रेटलं. मैला झडपेच्या वर आला, झडप नीट मिटेना आणि झडप मिटल्याशिवाय टाकी निघेना. शेवटी साफसफाई आणि नवी झडप असं सगळं त्यांच्या अनामत रकमेतून गेलं. शिवाय भरलेली टाकी 20 किलोच्या आसपास जाते, ती उचलून न्यायची असते. रोज सकाळी, फार तर दिवसाआड, रिकामी करा. मुक्काम हलवण्याआधी तर नक्कीच.

ओतायची ती त्यासाठी नेमलेल्या जागीच. सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची जागा वेगळी असते, पावसाच्या पाण्याचं गटार तर मुळीच चालत नाही. 'अंधार आहे, कोण बघतंय' म्हणत झुडपात ओतणारे आपल्यातलेही असतात आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. माती आणि पाणी तर बिघडतंच, पुढच्या पाहुण्यांसाठी ती जागा बंदही होते. टाकीची नळी खाली वळवली की हवेचं बटण दाबून धरा, म्हणजे धार सलग पडते, शिंतोडे उडत नाहीत. धुवायला तिथलाच नळ वापरा. पिण्याच्या पाण्याच्या नळाला ती टाकी कधीही लावू नका.

रिकाम्या टाकीत दोनेक लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या मापाने टॉयलेटच्या टाकीसाठीचं औषध घाला. जास्त घातल्याने वास जास्त जात नाही. फॉर्मल्डिहाइड असलेलं औषध टाळा, कारण सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. कागद लवकर विरघळणारा घ्या. ओले वाइप्स नकोत, 'फ्लश करता येतात' असं पाकिटावर लिहिलं असलं तरी.

झडपेभोवतीचं रबर हा या यंत्रणेचा जीव. ब्लीच आणि व्हॅसलीन, दोन्हींनी ते खराब होतं. झडप जड सरकायला लागली तर जोर लावू नका. धुऊन, वाळवून रबरासाठीचा सिलिकॉन स्प्रे मारा.

गाडी चालू असताना झडप बंद आणि भांडं कोरडं हवं. घाट चढून वर गेलात की बाहेरचा दाब कमी झालेला असतो आणि टाकीतली हवा दाबाखाली असते. तेव्हा झडप आधी अगदी किंचित उघडा, हवा जाऊ द्या, मग पूर्ण. चेहरा लांब ठेवा.

पुढे स्वतःची व्हॅन घेतलीत तर थंडीत ती उभी करण्याआधी मैल्याची टाकी आणि फ्लशचं पाणी दोन्ही काढा, नाहीतर गोठून पंप फुटतो. टाकी कोरडी करा आणि झडप उघडी ठेवा, म्हणजे रबर चिकटत नाही.