सर्व्हर रूम तापतेय? एसी आणखी गार करण्याआधी या चुका टाळा

रॅक (सर्व्हर बसवायची उभी चौकट) तापल्याचा अलार्म आला की पहिला हात एसीच्या सेटिंगवर जातो. २२ चं १८ होतं, आत काम करणारे कुडकुडतात, वीजबिल वाढतं आणि तो रॅक तापायचा तापतोच. बहुतेक वेळा गार हवा कमी नसते, ती सर्व्हरपर्यंत पोचत नसते.

म्हणून आधी मोजा. भिंतीवरचा आकडा किंवा एसीकडे परतणाऱ्या हवेचं तापमान इथे उपयोगाचं नाही. सर्व्हर ज्या बाजूने हवा ओढतो, तिथे खाली, मध्ये आणि वर सेन्सर लावा. अ‍ॅश्रेची (वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची) १८ ते २७ अंशांची शिफारस याच हवेसाठी आहे. खाली १९ आणि वर ३० दिसलं, तर मागची गरम हवा फिरून पुढे येतेय असं समजा.

ती येते कुठून? बऱ्याचदा रॅकमधल्या रिकाम्या जागांतून. सर्व्हरचे पंखे पुढून हवा खेचतात आणि उघड्या यू-मधून (रॅकच्या रिकाम्या खणातून) मागची गरम हवाही पुढे ओढली जाते. त्यावर साधं प्लास्टिकचं ब्लँकिंग पॅनल, म्हणजे खण झाकणारी पट्टी, पुरतं. नवा सर्व्हर बसवताना ते काढतात आणि परत लावायचं राहून जातं, हे खरं दुखणं. इतका स्वस्त उपाय इतक्या ठिकाणी पडून असतो, याचं नवल वाटतं. रॅकच्या वरून आणि कडेनेही हवा वळते, तेही बघा.

रेझ्ड फ्लोअर (खालून गार हवा सोडायला उचललेली फरशी) असेल तर जाळीच्या टाइल्स फक्त कोल्ड आइलमध्ये, म्हणजे रॅकच्या पुढच्या गार वाटेत हव्यात. हॉट आइल, म्हणजे रॅकच्या मागची वाट, गरम लागतं म्हणून तिथे टाइल टाकणारे भेटतात. अहो, ते गरमच असायला हवं! एसीच्या अगदी पुढ्यातली टाइलही फसवी: फरशीखाली हवा तिथे इतकी वेगात असते की वर कमी येते, कधी उलटी आतही ओढली जाते. फरशीतल्या केबलच्या भोकांना ब्रश ग्रोमेट (केबल जाऊ देणारी पण हवा अडवणारी ब्रशची झालर) लावा.

सर्व्हर एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच वेगळाच त्रास देतो. त्याची हवेची दिशा सर्व्हरच्या उलटी असेल तर तो मागची गरम हवाच पितो. ऑर्डर देतानाच पोर्टच्या (केबल लावायच्या) बाजूने हवा आत जाते की बाहेर येते, ते विचारा.

मुंबईच्या पावसाळ्यात एसीतली हवा गार करणारी कॉइल फार गार ठेवली की एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते. एक युनिट ओलावा काढतंय आणि शेजारचं घालतंय, असं तर होत नाही ना, तेही तपासा.

गळती बुजल्यावरच सेटिंग एकेक अंशाने वाढवा आणि दर वेळी सेन्सर बघा. एसीच्या पंख्यांचा वेग बदलता येत असेल तर तो २० टक्क्यांनी उतरवल्यास त्यांची वीज जवळपास निम्मी होते. आइलला दारं-छत लावून कंटेनमेंट करणार असाल, तर स्प्रिंकलर किंवा आग विझवणाऱ्या गॅसच्या नोझलचा मार्ग अडत नाही ना, हे फायर सिस्टिमवाल्यांकडून आधी बघून घ्या.