‘हार्ड लागला’ म्हणजे काय लागलं? पाया खोदताना या चुका टाळा

‘साहेब, हार्ड लागला.’ जेसीबीवाल्याने एवढं म्हटलं की मालक निश्चिंत होतो आणि दुसऱ्या दिवशी पीसीसी, म्हणजे पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर, पडते. खड्ड्यात उतरून कुणी बघत नाही. भिंतीला पुढे जाणाऱ्या तड्यांपैकी कितीतरी तडे याच घाईतून येतात, म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

आपल्या देशावर, म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या पठारावर, बेसाल्टच्या (काळ्या पाषाणाच्या) डोक्यावर साधारण असे थर असतात: काळी माती, पिवळसर चुनखडीची माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मांजऱ्या (पाषाणापेक्षा मऊ खडक) आणि खाली काळा पाषाण. सगळेच थर सगळीकडे सापडत नाहीत. छोट्या घराला बहुतेक वेळा कठीण मुरूम पुरतो. साइटवर ‘हार्ड’ म्हणतात ते खरं तर इथपासून पुढचं.

सगळ्यांत महाग पडणारी चूक उन्हाळ्यात होते. एप्रिल-मेमध्ये काळी माती इतकी वाळते की टिकाव उडतो, आणि तिलाच हार्ड समजून काम थांबवलं जातं. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. एकमजली घराचं वजन कमी, त्यामुळे फुगणारी माती त्याला सहज उचलते. तळाची मूठभर माती भिजवून तळहातावर वळून बघा. बारीक, लांब वात वळली, बोटांना चिकटली, तर अजून खाली जायचं. मुरूम असेल तर वात वळतच नाही, रवाळ भुगा होतो. काळी माती फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेला, जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब) हा पर्याय आहे. भारतीय मानकाप्रमाणे अशा जमिनीत ती किमान 3.5 मीटर लांब लागते.

दुसरा चकवा धोंड्याचा. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी झिजतो आणि मधला गोटा मऊ मुरमात तसाच राहतो. पहार ठणकन वाजते, पण तो खडक नव्हे. खड्ड्यात चार-पाच ठिकाणी पहार मारा, आवाज बदलला तर धोंडा काढा. कोकणात उलटं असतं: वर टणक जांभा, खाली कधी मऊ चिकणमाती, कधी पोकळी. तिथे वरचा कडकपणा बघून फसू नका.

एक कॉलम पाषाणावर, शेजारचा मऊ मुरमावर, असं करू नका. घर एका बाजूने खचतं. खोदलेला खड्डा पावसात उघडा राहिला तर वरचा मऊ झालेला थर खरवडूनच पीसीसी टाका. आणि निघालेली काळी माती प्लिंथमध्ये (जोत्यात) परत भरू नका. ट्रॉलीचे पैसे वाचतात, फरशी मात्र उचलली जाते. मुरूमच भरा, थराथराने, पाणी मारून, ठोकून.

घर बांधून झालंय आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे गेलेत? लगेच लांबी (पुट्टी) भरू नका. तड्याच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि वर्षभर रुंदी मोजा. ऋतूप्रमाणे कमीजास्त होत असेल तर मातीची हालचाल आहे: गच्चीचं पाणी पायापासून लांब न्या, गळकी पाइप बदला, घराभोवती उताराचा कोबा करा. ऋतू कोणताही असो, तडा वाढतच राहिला तर पाया खचतोय. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि पायाजवळ एक खड्डा घेऊन फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) कशावर बसलंय ते उघडून बघा.