मीटरवर kW एक तृतीयांश, पॉवर फॅक्टर 0.31: माझा अनुभव

विमानतळाच्या टर्मिनलमधल्या बॅगेज बेल्टच्या फीडरवर (बेल्टला वीज पुरवणारी लाइन) नवा मल्टिफंक्शन मीटर बसवला. तिन्ही फेजवर 300 अँपिअर, व्होल्टेज 415, म्हणजे जवळपास 215 kVA. kW मात्र 66 आणि पॉवर फॅक्टर (kW भागिले kVA) 0.31! क्लॅम्प पॉवर मीटर 200 kW दाखवत होता.

सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मीटरसाठी लहान करतो) रेशो 600/5 पुन्हा भरला, मॉडबसचे (मीटरची डेटा लाइन) रजिस्टर तपासले, शेवटी मीटरच बदलला. काहीच फरक नाही. तीन आठवडे वाया गेले, जीव मेटाकुटीला आला.

उत्तर फेजवार kW च्या पानावर होतं: R 67, Y उणे 67, B 66. Y चा सीटी उलटा. अँपिअरला दिशा नसते, म्हणून ते बरोबर दिसतात; kW मात्र उणे होतात. लोड समतोल असेल तर एक उलटा सीटी बेरीज बरोबर एक तृतीयांशावर आणतो.

शेवटच्या विमानाच्या बॅगा उतरल्यावर परमिट घेऊन फीडर बंद केला, कुलूप लावलं. आधी टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर शॉर्टिंग लिंक (सीटीच्या वायरी एकमेकींना जोडून ठेवणाऱ्या पट्ट्या) घट्ट केल्या. (सीटीचं सेकंडरी चालू लोडवर उघडं राहिलं तर जीवघेणं व्होल्टेज तयार होतं, लिंकशिवाय स्क्रूला हात लावू नका.) मग फक्त Y च्या सीटीच्या S1, S2 (सेकंडरीची दोन टोकं) वायरी अदलाबदल केल्या, फेरूलही (वायरींवरच्या खुणा) बदलले, लिंक काढल्या, बेल्ट सुरू केला.

Y अधिक 67. एकूण 200, पॉवर फॅक्टर 0.93.